समोरचा माणूस खरा आहे का? फेसबुक-व्हॉट्सॲपवर नव्याने आलेल्यांसाठी

गेली काही वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या वाचनालयात ज्येष्ठ मंडळींना मोबाइल शिकवतो. सुरुवातीला प्रश्न साधे असायचे. नातवाला फोटो कसा पाठवायचा, अक्षर मोठं कसं करायचं. आता पिशवीतून फोन काढून बहुतेक जण एकच विचारतात, "हा माणूस खरा आहे का हो?"

त्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट आधी सांगतो. बाईंना फेसबुकवर त्यांच्या धाकट्या दिरांच्या नावाची फ्रेंड रिक्वेस्ट आली. नाव तेच, फोटो तोच, मागे घरासमोरची तीच जास्वंद. त्यांनी ती स्वीकारली. पाच मिनिटांत मेसेंजरवर "हाय, कैसे हो आप?" आलं, मग "अपना व्हॉट्सॲप नंबर भेजिए". तिसरा मेसेज लांबलचक होता. माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, त्यांची तातडीने बदली झाली आहे, घरातलं सामान विकायचं आहे, सगळं नवं आहे, किंमत अगदी कमी आहे. लगेच व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो लावलेल्या माणसाने फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन आणि पलंगाचे फोटो पाठवले. सगळं मिळून ६५ हजार, आधी १५ हजार भरा, ट्रक आज संध्याकाळी निघतो.

बाई पैसे भरायला बसल्याच होत्या. तेवढ्यात मेसेंजरवर आणखी एक ओळ आली, "मैडम, जल्दी कीजिए." बाईंचा हात थांबला. चाळीस वर्षं जो दीर त्यांना "वहिनी" सोडून दुसऱ्या शब्दाने बोलला नव्हता, तो "मैडम" कसा म्हणेल? त्या उठल्या, टेलिफोनशेजारची जुनी डायरी काढली आणि दिरांच्या घरी फोन लावला. दीर बागेत झाडांना पाणी घालत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाईंनी इथे एक गोष्ट फार बरोबर केली. त्यांनी मेसेंजरवरच "भाऊजी, तुम्हीच का?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर "हाँ, मैं ही हूँ" असं उत्तर आलं असतं. त्यांनी स्वतःकडचा नंबर लावला. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच एका गोष्टीभोवती रचल्या आहेत. ओळख तपासायची ती आपल्या वाटेने. समोरच्याने दाखवलेल्या वाटेने गेलात, तर वाटेच्या दुसऱ्या टोकालाही तोच उभा असतो.

पहिली पायरी: हॅक झालंय की नक्कल झालीय, ते ओळखा

"माझं फेसबुक हॅक झालं" असं सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काहीच हॅक झालेलं नसतं. कुणीतरी त्यांचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं काढलेलं असतं. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक आधी समजून घ्या.

तुमच्या खात्यात तुम्हाला नेहमीसारखं जाता येत असेल आणि तुमच्या मेसेंजरवरून तुम्ही न लिहिलेलं काही गेलेलं दिसत नसेल, तर ती नक्कल आहे. अशा वेळी पासवर्ड बदलून उपयोग नाही, कारण चोर तुमच्या घरात शिरलेलाच नाही. त्याने शेजारी तुमच्या नावाची पाटी लावली आहे. पण पासवर्ड चालत नसेल, किंवा तुमच्याच खात्यातून तुमच्या लोकांना मेसेज जात असतील, तर ती खरी घुसखोरी.

व्हॉट्सॲपवरची घुसखोरी बहुतेक वेळा सहा आकडी कोडवरून होते. ओळखीच्याच कुणाच्या नावाने मेसेज येतो, "माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा पाठवा ना." तो कोड तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली असतो, तो मागणाऱ्याला कधीही देऊ नका. दुसरी तऱ्हा फाइलची. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून येणाऱ्या फाइलच्या नावाशेवटी "डॉट एपीके" असेल, तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं ॲप आहे. पाठवणारा तुमचा सख्खा मित्र असला तरी उघडू नका. त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो. तिसरी तऱ्हा फोनवरची. कुरिअरवाला म्हणून कुणीतरी स्टार ४०१ स्टार आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगतो. त्याने तुमचे कॉल, अगदी व्हॉट्सॲपचा कोड सांगणारा कॉलही, त्याच्याकडे वळतात. चुकून केलंच असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, कॉल वळणं बंद होतं.

दुसरी पायरी: आपलं दार आधी लावून घ्या

नक्कल करणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात, तुमचे फोटो आणि तुमच्या मित्रांची यादी. फोटो घेऊन तो तुमच्यासारखा दिसतो, यादी घेऊन कुणाला फसवायचं ते ठरवतो. यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये "हू कॅन सी युअर फ्रेंड्स लिस्ट" शोधा आणि तिथे "ओन्ली मी" ठेवा. मला विचाराल तर दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं आजच करा. यादी दिसली नाही, तर नक्कल केलेलं खातं कुणाला रिक्वेस्ट पाठवायची या अंधारात राहतं.

मग प्रोफाइल लॉक करा. ही सोय फेसबुकने मे २०२० मध्ये भारतात आणली. आपल्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत ती सापडते. व्हॉट्सॲपवर डीपी "माय कॉन्टॅक्ट्स"पुरता ठेवा, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तिथेही तेच निवडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडलं आहे ते "लिंक्ड डिव्हायसेस"मध्ये दिसतं, ते महिन्यातून एकदा उघडून बघा. तिथे न ओळखीचा संगणक दिसला तर लगेच लॉगआउट करा.

जन्मतारीख, शाळेचं नाव, नातवंडांची पूर्ण नावं फेसबुकच्या भिंतीवर लिहून ठेवू नका. वाढदिवसाला शुभेच्छा कमी आल्या तरी चालतील.

तिसरी पायरी: माणूस तपासा

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण वेष वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला तपासायची रीत थोडी वेगळी आहे.

ओळखीच्या माणसाचा वेष. बाईंच्या दिरांचा होता तो. एखादा माणूस तुमच्या यादीत आधीच असताना त्याची पुन्हा रिक्वेस्ट आली, तर आधी तुमच्या यादीत त्याचं जुनं खातं शोधा. व्हॉट्सॲपवर "बाबा, हा माझा नवा नंबर, जुना फोन पाण्यात पडला" असं आलं, तर जुन्या नंबरवर फोन करा. बहुतेक वेळा तो जुनाच नंबर मुलगा उचलतो. भाषेकडेही कान द्या. घरात आपल्याला कोण काय हाक मारतं, काका की तात्या, अगं की अहो, हे चोराला माहीत नसतं. मात्र उलटा अर्थ काढू नका. मराठी बिघडलेलं असेल तर संशय घ्यावाच, पण मराठी चांगलं आहे म्हणून माणूस खरा असं होत नाही. आता यंत्रही सफाईदार मराठी लिहून देतं आणि ऐकलेल्या आवाजाची नक्कलही करतं. म्हणून घरात एक परवलीचा शब्द ठरवा. आमच्या घरी तो माझ्या आजोळच्या बैलाच्या नावाचा आहे, फेसबुकवर कुठेही लिहिलेला नाही. रात्री अपरात्री "अपघात झालाय, पैसे पाठवा" असा फोन आला, की आधी तो शब्द विचारायचा असं ठरलं आहे.

घडवलेल्या माणसाचा वेष. हा माणूस मुळात नसतोच. विवाहाच्या साइटवर तो लंडनमधला डॉक्टर असतो, इन्स्टाग्रामवर एकटी राहणारी सुंदर मुलगी असते. दोन-तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ विचारपूस होते, पैशांचा विषयही निघत नाही. मग भेटवस्तूचं पार्सल विमानतळावर अडकतं आणि "कस्टममधून" फोन येतो, किंवा शेअर बाजाराचं एखादं ॲप सुचवलं जातं. अशा गोष्टी फक्त भोळ्या माणसांच्या बाबतीत होतात असं मानू नका. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकपदावरच्या शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. आरोपपत्रानुसार ते "झारा दासगुप्ता" या नावाने बोलणाऱ्या, इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचं सांगणाऱ्या खात्याच्या संपर्कात होते आणि ते खातं पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणेकडून चालवलं जात होतं.

अशा खात्याचा फोटो तपासायला गूगल लेन्स वापरा. फोटोवर बोट दाबून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढून लेन्समध्ये टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या देशात सापडला की प्रश्न मिटला. पण काहीच सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण यंत्राने बनवलेला चेहरा कुठेच सापडत नाही. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावावर टिचकी मारली की "अबाउट धिस अकाउंट" दिसतं. खातं कधी काढलं, कोणत्या देशातून चालतं, आधी किती वेळा नाव बदललं, हे तिथे कळतं. पुण्यात राहतो म्हणणाऱ्याचं खातं मागच्याच महिन्यात दुसऱ्या देशात काढलेलं असेल, तर आणखी काय तपासायचं? फेसबुकच्या पेजबद्दल अशीच माहिती "पेज ट्रान्सपरन्सी"मध्ये असते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अशा गोड बोलणाऱ्या खात्यामागे बसलेला माणूस कधीकधी स्वतःच कैदी असतो. कंबोडिया आणि म्यानमारमधल्या कुंपण घातलेल्या आवारांत, डेटा एन्ट्रीची नोकरी देतो म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांकडून हे काम जबरदस्तीने करून घेतलं गेलं आहे. आपल्या सरकारने त्यांतल्या अनेकांना सोडवून परत आणलं. म्हणून घरातल्या मुलाला टेलिग्रामवर थायलंडच्या नोकरीची ऑफर आली, तरी हीच तपासणी करा. तीही बनावट ओळख असू शकते.

साहेबाचा वेष. व्हिडिओ कॉलवर वर्दी, मागे अशोकस्तंभ, "तुमच्या आधारवर सिम घेऊन मनी लाँडरिंग झालंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही." आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि "तपासणीसाठी" पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्येही हेच सांगितलं होतं. कॉल कापा. भीती वाटत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात चालत जा. ट्रूकॉलरवर "मुंबई पोलीस" असं नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, तिथली नावं लोकांनीच साठवलेली असतात. "कुणाला सांगू नका" हे वाक्य आलं, की त्याच क्षणी घरातल्या कुणालातरी हाक मारा.

प्रसिद्ध माणसाचा वेष. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला. चेहरा त्याचा, आवाज त्याचाच वाटावा असा. शेवटी त्याला स्वतःलाच सांगावं लागलं की हा व्हिडिओ बनावट आहे. चेहरा बघून खरं-खोटं ओळखण्याच्या खटपटीत मी आता पडत नाही. ओठ जुळतात का, पापण्या लवतात का, हे बघून ओळखायचे दिवस सरत आले. त्यापेक्षा व्हिडिओतला माणूस काय मागतोय ते बघा. शेअरच्या ग्रुपमध्ये "सर" टिप देत असतील, तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव शोधा. तिथे नाव आणि नोंदणी क्रमांक सापडला तरी थांबू नका, कारण चोर खऱ्या सल्लागाराचाच क्रमांक वापरतात. सेबीच्या यादीत दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवर स्वतः संपर्क साधून विचारा, "हा ग्रुप तुमचाच का?"

खात्याच्या नावापुढच्या निळ्या खुणेबद्दल बरेच जण विचारतात. एक्सवर (तेव्हाचं ट्विटर) नोव्हेंबर २०२२ पासून ती पैसे भरून मिळते. तिला ओळखपत्र समजू नका.

कस्टमर केअरचा वेष. बँकेचा किंवा गॅसचा नंबर गूगलवर किंवा फेसबुकवर शोधू नका. एटीएम कार्डाच्या मागे, पासबुकावर, बिलावर तो छापलेला असतो.

चौथी पायरी: आपल्याच नावाचं बनावट खातं निघालं तर

घाईघाईने रिपोर्ट करू नका, आधी पुरावा घ्या. खातं बंद झालं की पुरावाही जातो. बनावट प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, त्याने पाठवलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक, तिन्ही हवं. लिंक सर्वांत महत्त्वाची, कारण नाव आणि फोटो तो केव्हाही बदलू शकतो. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत "कॉपी लिंक" असतं. ती कॉपी करून स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

बऱ्याचदा तुम्हाला ते खातं दिसतच नाही, कारण चोराने तुम्हाला आधीच ब्लॉक केलेलं असतं. ज्याला रिक्वेस्ट आली त्या मित्राकडून लिंक मागवा. मग "रिपोर्ट प्रोफाइल"मध्ये "फेक प्रोफाइल" किंवा "प्रिटेंडिंग टु बी समवन" निवडून तक्रार करा. तुम्ही "मी" निवडा, मित्राने "माझा मित्र" निवडावं. एकट्याने दहा वेळा करण्यापेक्षा दहा जणांनी एकेकदा करा. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. रिपोर्ट करून काही झालं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर लेखी लिहा. तिथेही दाद लागली नाही, तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

तोवर आपल्या लोकांना सावध करा. स्टेटसला "माझं अकाउंट हॅक झालंय" एवढंच लिहू नका, त्याने कुणाला काय करायचं ते कळत नाही. असं लिहा: "माझ्या नावाने आणि फोटोने कुणीतरी दुसरं खातं काढलं आहे. नवी रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नका, पैसे किंवा कोड देऊ नका. कुणी पैसे पाठवले असतील तर आत्ता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकाला फोन करा आणि मला कळवा."

पाचवी पायरी: पैसे गेले तर

आधी १९३०. बँक, पोलीस ठाणे, नातेवाईक, सगळं त्यानंतर. हा देशाचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि पैसे पुढे गेले नसतील तर तिथेच रोखता येतात. चोर एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पैसे सरकवत असतो, म्हणून इथे मिनिटांचा हिशोब आहे. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. यूपीआयच्या व्यवहारात तो बारा आकडी यूटीआर असतो, ॲपच्या पावतीवर दिसतो. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो घेऊन बँकेत आणि पोलीस ठाण्यात जा.

ठाण्यात "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकायला मिळू शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंद करता येते. अर्जात ही कलमं लिहा: माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ सी, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं, आणि ६६ डी, म्हणजे संगणक-फोनवरून तोतयेगिरी करून फसवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ हेही तोतयेगिरीचंच. अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणून कुणीतरी सायबर वकील किंवा अधिकारी बनून संपर्क करेल. तो त्याच टोळीतला असू शकतो. पैसे परत मिळवण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस फसवणाराच असतो.

लाज वाटेल असं घडलं तर

हा भाग वर्गात मी दार लोटून सांगतो. अनोळखी व्हिडिओ कॉल येतो, समोर एक नग्न बाई दिसते, काही सेकंदांचं चित्रीकरण होतं आणि मग धमकी येते की पैसे द्या नाहीतर तुमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. पुढे कुणी "दिल्ली क्राइम ब्रँचमधून" बोलतो की त्या मुलीने आत्महत्या केली आहे. सगळं रचलेलं असतं.

एक रुपयाही देऊ नका. दिलेत तर मागणी वाढते. खातं ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, १९३० ला किंवा पोर्टलवर तक्रार करा, आणि त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा. खरंच तुमचा तसा फोटो असेल तर "स्टॉप एनसीआयआय" या मोफत सेवेत त्याची खूण नोंदवता येते, फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामसह सहभागी कंपन्या तो फोटो वर चढू देत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी अशीच "टेक इट डाउन" आहे. जीव नकोसा झाला असेल तर मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे. वडील किंवा मुलगी असं काही सांगायला आली, तर "तू फोन उचललासच का?" हा प्रश्न विचारू नका. निदान त्या दिवशी तरी नको.

जे आता नाहीत त्यांची खाती

हे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. गेलेल्या माणसाचं खातं तसंच उघडं राहतं आणि त्यावरून नक्कल काढली तर रिपोर्ट करायला तो माणूस नसतो. वर्गातल्या एका काकांना त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावाने रिक्वेस्ट आली होती. फोटो साठीशांतीतला होता. काका आठवडाभर फोनला हात लावत नव्हते.

फेसबुकवर गेलेल्या माणसाचं खातं "मेमोरियलाइज" करता येतं, म्हणजे नावापुढे तशी नोंद येते आणि त्यात कुणाला लॉगिन करता येत नाही. नको असेल तर बंदही करून मिळतं. त्यासाठी मदत विभागातला फॉर्म भरून मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. हयात असतानाच सेटिंग्जमध्ये "लेगसी कॉन्टॅक्ट" म्हणून घरातल्या एकाचं नाव नोंदवून ठेवता येतं. काकांनी पत्नीचं खातं मेमोरियलाइज करून घेतलं, मग स्वतःच्या खात्यात मुलीचं नाव घातलं, आणि पुढच्या शनिवारी येताना ती सेटिंग कुठे असते ते शेजारच्या दोघांना दाखवण्यासाठी वहीत पायऱ्या लिहून आणल्या होत्या.